‘लाइव्ह फायरिंग’च्या नावाखाली छर्रे

नागपुरात हिंगणा रोडकडच्या एका गोडाउनमध्ये ‘डिफेन्स पिस्टल’ नावाचा दोन दिवसांचा कोर्स 18 हजारांना विकला गेला. जाहिरातीत लाइव्ह फायरिंग (खऱ्या गोळ्यांचा सराव), 100 राउंड आणि लायसन्सची हमी. घेणारे बहुतेक इतवारीतले व्यापारी, रोजची रोकड घेऊन घरी जाणारी माणसं. आपण फसलो हे त्यांना लवकर कळलंच नाही, कारण हातात पिस्तूल होतं, फट्‌ आवाज येत होता आणि कागदाला भोकं पडत होती.

ते हवेच्या दाबावर चालणारं एअर पिस्तूल होतं. 100 राउंड म्हणजे डबीतले 4.5 मिलिमीटरचे शिशाचे छर्रे, एकेक जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. छर्र्याची ताकद 20 ज्यूलच्या आत असलेल्या अशा हत्याराला लायसन्स लागत नाही, म्हणून तर गोडाउन चाललं. 10 मीटरवरून 17 सेंटिमीटरच्या चौकोनी कागदावर नेम धरणं हा फार चांगला खेळ आहे, पण त्यात खरी गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का नाही. खऱ्या .32 रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा भाग, आधी न चढवता गोळी मारायची तर ट्रिगर लांबवर आणि चांगलाच जड ओढावा लागतो. एअर पिस्तुलाच्या अर्ध्या किलोच्या ओढीच्या ट्रिगरवर शिकलेलं बोट तिथे हिसका देतं आणि उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी खाली डावीकडे जाते.

जे शिकवायला हवं होतं त्याचं नावही निघालं नाही. घोडा पडला आणि गोळी सुटली नाही, तर नळी निशाणाकडेच ठेवून निदान 30 सेकंद थांबायचं. बार उशिरा उडू शकतो. आवाज फुसका आला तर पुढची गोळी मारायचीच नाही, आधी रिकामं करून नळीत शिसं अडकलंय का ते पाहायचं. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरपुढच्या (गोळ्यांच्या फिरत्या चक्रापुढच्या) फटीजवळ बोट गेलं तर गरम गॅसने भाजतं, चिरतंही.

सगळ्यात घातक शिकवण तोंडी होती: “घरात शिरला की ठोका.” राजेहो, भारतीय न्याय संहितेचं कलम 37 गरजेपेक्षा जास्त इजा करायला मुभा देत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर कोर्टात उत्तर मालकालाच द्यावं लागेल. खऱ्या सरावात ‘मारू नये’ अशीही निशाणं मध्येमध्ये लावतात, ती याचसाठी.

लायसन्सची हमी कोणताच कोर्स देऊ शकत नाही. शहरात ते पोलिस आयुक्त देतात, ग्रामीणला जिल्हाधिकारी, तेही पोलिस चौकशीनंतर. 2016 च्या शस्त्र नियमांत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला एस-1 नमुन्यात असतो. इथे मिळाला तो सोनेरी किनारीचा, वाघाचं चित्र असलेला कागद.

पैसे भरण्याआधी रेंजचं, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागेचं, स्वतःचं लायसन्स पाहायला मागा. कोणतं हत्यार, कोणता बोअर (नळीचं माप), किती काडतुसं, हे लेखी घ्या. “तिथे आल्यावर दाखवतो” म्हणाले की परत फिरा.

भरले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. पावती मात्र नीट वाचा. या कोर्सच्या पावतीवर ‘प्रशिक्षण शुल्क’ नव्हतंच, ‘देणगी’ लिहिलं होतं, म्हणजे सेवा विकलीच नाही असं म्हणायला वाट मोकळी. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि फीची रक्कम सांगणारे मेसेज तेवढ्यासाठी जपून ठेवा.