एडी-मिक्स आणि जेकबसनचं कोबाल्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर

कायरल १,२-डायॉल, म्हणजे शेजारच्या दोन कार्बनवर एकेक ओएच गट असलेला आणि डाव्या-उजव्या हातासारख्या दोन रूपांपैकी एकाच रूपातला रेणू, हवा असेल तर बहुतेकांसमोर दोन वाटा असतात (पुढे या रूपांना ‘हात’च म्हणतो). ऑलिफिन (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेला रेणू) हाताशी असेल तर शार्पलेसचं डायहायड्रॉक्सिलेशन, म्हणजे एडी-मिक्स हे पावडरचं मिश्रण. टोकाचा इपॉक्साइड (दोन कार्बन आणि एका ऑक्सिजनचं वलय) असेल तर जेकबसनचं कोबाल्ट-सालेन वापरून पाण्याने केलेलं हायड्रोलिटिक कायनेटिक रिझोल्यूशन, म्हणजे एक हात पाण्याने फोडून दुसरा तसाच उरवणं. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा असे तिन्ही ऋतू दोन्ही पद्धती वापरून झाल्यावर हे लिहितोय. आधीच सांगतो: ईईचा (एक हात दुसऱ्यापेक्षा किती टक्के जास्त, याचा) आकडा दोन्हीकडे सहसा चांगलाच येतो. माणूस दमतो तो ढवळणं, वर्क-अप (रिॲक्शननंतर माल वेगळा करून धुणं) आणि कचरा यांपायी, आणि पद्धत निवडतानाही खरं तर तिकडेच बघावं लागतं.

एडी-मिक्सचं प्रमाण एकदा डोक्यात बसलं की विसरत नाही. १ मिलिमोल ऑलिफिनला १.४ ग्रॅम मिक्स, ५ मिली टर्ट-ब्युटेनॉल, ५ मिली पाणी, तापमान ० अंश. १.४ ग्रॅममध्ये जवळपास सगळं पोटॅशियम फेरिसायनाइड आणि पोटॅशियम कार्बोनेटच असतं, दोन्ही ३-३ इक्विव्हॅलंट, म्हणजे ऑलिफिनच्या मोलच्या तिप्पट. लिगंड (ऑस्मियमला धरून कोणता हात बनेल ते ठरवणारा रेणू) १ मोल टक्का आणि ऑस्मियम ०.४ मोल टक्के. बीटामध्ये डायहायड्रोक्विनिडिनचा फ्थॅलाझिन लिगंड, अल्फामध्ये डायहायड्रोक्विनिनचा. स्टायरीनवर बीटा वापरलं की आर-डायॉल, अल्फा वापरलं की एस, आणि ईई ९७ टक्क्यांच्या आसपास. ट्रान्स-स्टिल्बीनला तर ९९ च्याही वर.

टोकाचा नसलेला, म्हणजे मधल्या जागेचा दुहेरी बंध असेल तर दर मिलिमोलला ९५ मिग्रॅ मिथेनसल्फोनामाइड टाकायचंच. त्यामुळे ऑस्मेट एस्टरचं हायड्रोलिसिस लवकर होतं आणि कॅटॅलिस्ट मोकळा होऊन पुन्हा कामाला लागतो. टोकाच्या ऑलिफिनला ते टाकू नका, उपयोग नाही. फायदा तर नाहीच, वर नंतर काढून टाकायची कटकट. विसरून टाकलंच किंवा धुणं अर्धवट राहिलं तर एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणारा वर्णपट) ३.१ पीपीएमच्या आसपास एक सरळ शेंडा दिसतो. २ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइडने ऑरगॅनिक थर दोनदा धुतला की तो जातो. १.२८ ला दिसणारा शेंडा टर्ट-ब्युटेनॉलचा. तो व्हॅक्यूमवर आणखी थोडा वेळ ठेवला की जातो, त्यासाठी पुन्हा कॉलम करत बसायची गरज नाही.

फेरिसायनाइडच का, एनएमओ (दुसरा एक ऑक्सिडंट) का नाही, हे नवीन मुलं हमखास विचारतात. एनएमओ वापरलं की सगळं एकाच थरात असतं. त्यामुळे ऑस्मियमचा ग्लायकोलेट (वरचा ऑस्मेट एस्टरच) पाण्याने तुटण्याआधीच पुन्हा ऑक्सिडाइज होतो आणि लिगंड नसलेल्या दुसऱ्या चक्रात शिरतो. तिथे निवड जवळपास होतच नाही, म्हणून ईई घसरतो. फेरिसायनाइड पाण्याच्या थरातच राहतं, त्यामुळे ग्लायकोलेट आधी तुटतो आणि मगच ऑस्मियम ऑक्सिडाइज होतं. याचा उलटा अर्थही लक्षात ठेवा: सगळा मामला दोन थरांच्या सीमेवर चालतो, म्हणून ढवळणं ढिलं पडलं की रिॲक्शन रेंगाळते.

आता ढवळण्याचंच. मिक्स खोलीच्या तापमानाला विरघळवलं की खालचा थर झगझगीत पिवळा दिसतो. ० अंशाला आणलं की क्षार बाहेर पडतात आणि सगळं पातळ पिठल्यासारखं होतं. ५-१० मिलिमोलपर्यंत मोठा अंडाकृती मॅग्नेट चालतो. त्याच्या वर गेलात तर मॅग्नेट क्षारात रुतून बसतो, आणि टीएलसीवर (रिॲक्शन कुठवर आली ते दाखवणारी पट्टी) ऑलिफिन तसंच दिसत राहतं. ५० मिलिमोलपासून ओव्हरहेड स्टिररशिवाय हात घालू नका. आणखी एक गोष्ट वीजपुरवठ्याची. रात्रभराच्या रिॲक्शनमध्ये वीज गेली आणि आली, तर काही स्टिरर आपोआप सुरू होत नाहीत. सकाळी दोन शांत थर दिसले तर घाबरू नका, ढवळणं सुरू करून टीएलसी बघा. रिॲक्शन सहसा तिथूनच पुढे चालते.

नाशिकच्या हवेची गंमत टर्ट-ब्युटेनॉलमध्ये दिसते. त्याचा वितळणबिंदू २५ अंशांच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत बाटली म्हणजे सरळ एक दगड. बाटलीचं झाकण सैल करून ३५-४० अंशांच्या पाण्यात ठेवायची, हीट गन वापरायची नाही, ते ज्वलनशील आहे. किंवा उन्हाळ्यातच थोडं पाणी मिसळून ठेवायचं, मग गोठत नाही, फक्त बाटलीवर प्रमाण लिहून ठेवा. पावसाळ्यात उलटा त्रास: मिक्समधलं कार्बोनेट ओल ओढतं आणि पावडरच्या गुठळ्या होतात. डबा डेसिकेटरमध्ये ठेवा आणि वापरायच्या आधी जोरात हलवा. हलवणं महत्त्वाचं अशासाठी की एक किलो मिक्समध्ये ऑस्मियमचं मीठ (ऑस्मेट) जेमतेम १ ग्रॅम असतं. ०.१ मिलिमोलच्या रिॲक्शनला १४० मिग्रॅ उचललंत तर त्यात ते किती आलं हे देवालाच ठाऊक. एवढ्या छोट्या रिॲक्शनला लिगंड आणि ऑस्मेट वेगळं वजन करून टाकलेलं बरं.

मिक्स घरी बनवायचं असेल तर क्रम पाळा. ऑस्मेट आणि लिगंड आधी खलात बारीक वाटून एकजीव करायचं, मग ते वाटलेल्या फेरिसायनाइडमध्ये आणि सगळ्यात शेवटी कोरड्या, बारीक कार्बोनेटमध्ये. अर्धा तास तरी मिसळायचं. एक किलोला साधारण ७०० ग्रॅम फेरिसायनाइड, २९४ ग्रॅम कार्बोनेट, ५.५ ग्रॅम लिगंड, १.०४ ग्रॅम पोटॅशियम ऑस्मेट डायहायड्रेट. फ्यूम हूडमध्येच, मास्क आणि गॉगल लावून. ऑस्मेट उडत नाही हे खरं, पण ऑक्सिडंटसोबत ओल मिळाली की ऑस्मियम टेट्रॉक्साइड तयार होतो. तो उडतो आणि डोळ्यांवर जातो.

स्टायरीन वापरताना त्यातला इनहिबिटर, टर्ट-ब्युटाइल कॅटेकॉल, बेसिक अल्युमिनाच्या छोट्या प्लगमधून काढून घ्या. १० मिलिमोलच्या बॅचला स्टायरीन १.१५ मिली, मिक्स १४ ग्रॅम, दोन्ही द्रव ५०-५० मिली. रात्रभर ० अंशाला ठेवलं तर सकाळी संपलेलं असतं. मग १५ ग्रॅम सोडियम सल्फाइट थोडं थोडं टाकायचं, बर्फ काढायचा आणि तासभर ढवळत ठेवायचं. पिवळा रंग गेला पाहिजे. इथे घाई केली तर ऑस्मियम ऑरगॅनिक थरात येतं, आणि रोटाव्हॅपवर (सॉल्व्हंट उडवायचं यंत्र) फ्लास्कच्या तळाशी काळपट पापुद्रा राहतो. जुनी, उघडी राहिलेली सल्फाइटची बाटली हेही त्याचं कारण असतं, कारण हवेत त्याचं सल्फेट होतं आणि मग १५ ग्रॅम हे नावापुरतेच १५ ग्रॅम राहतात. सल्फाइटऐवजी मेटाबायसल्फाइट टाकलं तर कार्बोनेटमुळे फेस उसळतो, तेव्हा तो प्रयोग नको.

सुरक्षेतली एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. उरलेल्या पाण्याच्या थरात फेरोसायनाइड भरपूर असतं. त्यात ॲसिड ओतायचं नाही, ॲसिडच्या कचऱ्याच्या कॅनमध्ये तर मुळीच नाही, हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. लिगंड परत मिळवण्यासाठी ऑरगॅनिक थर पातळ सल्फ्युरिक ॲसिडने धुण्याची पद्धत आहे, तीसुद्धा थर पाण्याने नीट धुऊन पिवळेपणाचा मागमूस उरला नाही याची खात्री झाल्यावरच. खरं सांगायचं तर १० मिलिमोलला ७७ मिग्रॅ लिगंड लागतो. तेवढ्यासाठी ही खटपट परवडत नाही, मोठ्या बॅचलाच करावी.

एडी-मिक्स कुठे साथ देत नाही? सिस-ऑलिफिनला (दुहेरी बंधावरचे गट एकाच बाजूला असलेल्या). तिथे फ्थॅलाझिनऐवजी इंडोलिन लिगंड वापरला तरी ईई ७० च्या आसपास रेंगाळतो. साध्या लांब साखळीच्या टोकाच्या ऑलिफिनला, उदाहरणार्थ १-डेसीनला, ८४ टक्क्यांच्या आसपास. पिरिमिडिन किंवा अँथ्राक्विनोन लिगंडने आकडा थोडा वर जातो. इलेक्ट्रॉन कमी असलेल्या असंतृप्त एस्टर-अमाइडना ऑस्मियम १ मोल टक्क्यापर्यंत वाढवावं लागतं. बेसने बिघडणारं काही असेल तर ३ इक्विव्हॅलंट सोडियम बायकार्बोनेट टाकून पीएच सौम्य करायचा.

आणि पसारा! १ मोल, म्हणजे १०४ ग्रॅम स्टायरीनला १.४ किलो मिक्स, १० लिटर द्रव, वर दीड किलो सल्फाइट. हातात येणार जास्तीत जास्त १३८ ग्रॅम डायॉल. ग्रॅमच्या कामाला ही पद्धत उत्तम, किलोच्या कामाला हिशेब आधी मांडा, घातक कचऱ्याचं बिलही त्यात धरून.

कोबाल्टची पद्धत इथे एकदम वेगळी वाटते. १ मोल प्रोपिलीन ऑक्साइड म्हणजे ५८ ग्रॅम, त्याला १.२ ग्रॅम कोबाल्ट-सालेन, ०.२४ ग्रॅम ॲसेटिक ॲसिड आणि ९.९ ग्रॅम पाणी. सगळं छोट्या फ्लास्कमध्ये मावतं, सॉल्व्हंट जवळजवळ नाहीच. विटकरी रंगाचा कोबाल्ट-२ कॉम्प्लेक्स टोल्यूईनमध्ये घेऊन ॲसेटिक ॲसिड टाकायचं आणि उघड्या हवेत तासभर ढवळायचं. रंग गडद तपकिरी झाला की कोबाल्ट-३ तयार. बंद फ्लास्कमध्ये किंवा नायट्रोजनखाली हे होत नाही, हवाच लागते. टोल्यूईन काढून टाकायचं, इपॉक्साइड घालायचा, ० अंशाला आणून पाणी थेंबाथेंबाने.

हे थेंबाथेंबाने प्रकरण गांभीर्याने घ्या. सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं आणि मग अचानक तापतं. सॉल्व्हंट नसल्याने उष्णता जायला जागा नसते. प्रोपिलीन ऑक्साइड ३४ अंशांना उकळतो, आणि नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास असल्याने इथे त्याहून एखाद-दोन अंश आधीच. मे महिन्यातल्या दुपारी बाटली फ्रीजमधून काढून टेबलावर ठेवली तर झाकण उघडताच वाफ बाहेर येते. मोजणं थंड सिरिंजने किंवा वजनाने, आणि शक्यतो सकाळी.

पाणी किती टाकायचं हे तुम्हाला काय हवंय त्यावर. ०.५५ इक्विव्हॅलंटला उरलेला इपॉक्साइड अतिशय शुद्ध मिळतो, पण नको असलेला थोडा हातही डायॉलमध्ये उतरतो. डायॉलच हवं असेल तर ०.४५ वर थांबा. आर,आर-कॅटॅलिस्ट प्रोपिलीन ऑक्साइडचा आर हात फोडतो, म्हणजे आर-डायॉल आणि उरलेला एस-इपॉक्साइड. एपिक्लोरोहायड्रिनला मात्र हे आर-एस डोळे झाकून लावू नका. क्लोरोमिथाइल गटाचा अग्रक्रम वर गेल्याने आकार तोच राहून अक्षर उलटतं. कागदावर रचना काढूनच ठरवा. एपिक्लोरोहायड्रिनमध्ये क्लोराइडमुळे उरलेला इपॉक्साइड हळूहळू रेसिमाइज होतो (दोन्ही हातांचं समान मिश्रण बनतो), म्हणून रिॲक्शन थंड ठेवा आणि संपताच लगेच व्हॅक्यूमवर काढून घ्या. शिवाय तो विषारी आणि कर्करोगकारक आहे, त्यामुळे दुहेरी हातमोजे.

कॅटॅलिस्टचा वेग त्याच्या प्रमाणाच्या वर्गाने चढतो, कारण दोन कोबाल्ट मिळून काम करतात, एक इपॉक्साइड धरतो आणि दुसरा पाणी पोचवतो. म्हणूनच बेफिकिरीने सॉल्व्हंट वाढवला तर रिॲक्शन अपेक्षेपेक्षा फारच मंदावते. स्टायरीन ऑक्साइड तर मुळातच मंद, त्याला टीएचएफ हे सॉल्व्हंट, जास्त कॅटॅलिस्ट आणि दोन-तीन दिवस द्यावे लागतात. त्यामुळे फिनाइलइथेनडायॉलसाठी स्टायरीनवर एडी-मिक्स हेच शहाणपणाचं. उलट १,२-इपॉक्सिऑक्टेनसारख्या साखळ्यांना कोबाल्ट ९८ टक्क्यांच्या वर सहज नेतं, जिथे एडी-मिक्स अडखळतं. अर्थात इथे उत्पादन ५० टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. उरलेला इपॉक्साइड कामाचा असेल तरच हा व्यवहार फायद्याचा. इपॉक्साइड काढून झाल्यावर तळाशी विटकरी छटा दिसली तर कोबाल्ट परत २ वर आलंय. ॲसेटिक ॲसिड आणि हवा देऊन तो पुन्हा वापरता येतो, पण पुढच्या फेरीत वेळ जास्त लागेल हे धरून चला.

एचपीएलसीवर (कॉलममधून मिश्रणाचे घटक वेगळे करणारं यंत्र) ईई मोजताना फिनाइल असलेल्या डायॉलना ओडी-एच हा कायरल कॉलम आणि हेक्झेन-आयपीए (आयसोप्रोपेनॉल) ९०:१० पासून सुरुवात करा. साखळीच्या डायॉलना यूव्ही दिसत नाही, त्यांचे डायबेंझोएट करून मगच एचपीएलसीवर घाला. रेसिमिक नमुना नसेल तर अल्फा आणि बीटा मिक्स समप्रमाणात घेऊन एक छोटी रिॲक्शन करा. दोन्ही लिगंड एकमेकांचे तंतोतंत आरसे नसल्याने शेंडे अगदी ५०:५० येणार नाहीत, पण कोणता शेंडा कुठे निघतो हे कळायला तेवढं पुरतं. फिरकीचं (ध्रुवित प्रकाश कुठे वळतो त्याचं) चिन्ह बघून ठरवणार असाल तर सॉल्व्हंट आणि तीव्रता वहीत लिहिल्याशिवाय त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. फिनाइलइथेनडायॉलचा आकडा क्लोरोफॉर्ममध्ये एक आणि इथेनॉलमध्ये दुसराच येतो.