पॅरिसहून एक दिवस: शार्त्र की आमियां?

पॅरिसच्या मुक्कामात एकच दिवस हाताशी आहे आणि एक तरी अस्सल गॉथिक (मध्ययुगीन युरोपातल्या उंच, टोकदार कमानींच्या शैलीतलं) कॅथेड्रल निवांत पाहायचंय, तर निवड बहुधा शार्त्र आणि आमियां या दोन गावांतल्या कॅथेड्रलांत होते. दोन्ही जागतिक वारसा यादीत आहेत आणि दोन्हीकडे रेल्वेने साधारण सव्वा तासात पोचता येतं. शार्त्रची गाडी पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनहून, आमियांची गार द्यु नोर स्टेशनहून.

गॉथिक शैलीत टोकदार कमानी आल्या, बाहेरून रेटा झेलणाऱ्या अर्धकमानी आल्या आणि छताचं ओझं भिंतींवरून उतरलं. या सुटकेचा फायदा शार्त्रने काचेसाठी घेतला, आमियांने उंचीसाठी.

शार्त्रचं जुनं चर्च ११९४ साली जळालं. नव्याचं मुख्य काम तीसेक वर्षांत उरकलं, म्हणूनच आतून ते एकसंध वाटतं. बाहेर मात्र दोन मनोरे चक्क विजोड: एक १२व्या शतकातला साधा, दुसऱ्याचं नक्षीदार टोक १६व्या शतकातलं. मला हा विजोडपणाच आवडतो. पण जायचं ते खिडक्यांसाठी. मध्ययुगीन काच इतक्या प्रमाणात क्वचितच कुठे टिकलीय. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ती उतरवून सुरक्षित ठेवली होती. आगीतून वाचलेल्या ‘बेल व्हेरिएर’ खिडकीतला मरियेचा निळा झगा पाहिला की छापील चित्रातला निळा फिका वाटतो. दुर्बीण न्याच, वरच्या खिडक्यांतल्या कथा नुसत्या डोळ्यांनी लागत नाहीत. फरशीवरच्या चक्रव्यूहावर बहुतेकदा खुर्च्या मांडलेल्या असतात, तेव्हा चालायचं असेल तर तो कोणत्या दिवशी मोकळा असतो ते आधी विचारून घ्या.

आमियां १२२० ला सुरू झालं. छत ४२ मीटरवर, म्हणजे शार्त्रपेक्षा पाचेक मीटर उंच. या हावेची किंमतही मोजावी लागली: खांब बाहेर झुकू लागले, तेव्हा १५व्या शतकाच्या अखेरीस वर लोखंडी साखळी आवळून ते धरून ठेवले. जुनी काच फारशी उरलेली नाही, त्यामुळे आत उजेड भरपूर. दर्शनी भागावर, डोळ्यांच्या उंचीला, बारा महिन्यांची शेतीकामं आणि राशी कोरल्यात. सोबत मुलं किंवा मान दुखणारे वडीलधारे असतील तर हेच बरं. विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्नचं घरही याच गावात.

ऊन असेल तर शार्त्र. आभाळ भरून आलं असेल तर काचा मिटल्यासारख्या होतात. मग सरळ गार द्यु नोर गाठा.