घरी येणारी हॉस्पिस सेवा: रात्री दोनला फोन कोण उचलतं?

हॉस्पिस म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या शेवटच्या काळात त्रास कमी करणारी सेवा. घरी येणाऱ्या या सेवेचा कस लागतो तो रात्री. नर्स ठरल्या दिवशी येते, औषधं आणि हवेची गादी मिळते. इथवर बहुतेक सेवा ठीकच. पण मध्यरात्री दुखणं उसळलं तर फोन कोण उचलतं आणि जादा डोस आधीच लिहून घरात ठेवला जातो का, हे नाव नोंदवण्यापूर्वी विचारा.

वेदनाशमन ही सर्वांत भक्कम बाजू. साधं (लगेच काम करणारं) मॉर्फिन सहसा दर 4 तासांनी, घड्याळ लावून द्यायचं. दुखेपर्यंत थांबायचं नाही. मधेच उसळणाऱ्या कळेसाठी दिवसभराच्या एकूण मात्रेच्या साधारण सहाव्या हिश्श्याचा वेगळा डोस डॉक्टर लिहून देतात. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत पहिल्या दिवसापासून रेचक (पोट साफ ठेवणारं औषध) हवंच. ते लिहिलेलं नसेल, तर अनुभव किती ते समजून जावं! गिळणं बंद झालं की सिरिंज पंपाने (सिरिंजमधलं औषध हळूहळू ढकलणाऱ्या छोट्या यंत्राने) 24 तास त्वचेखाली औषध जातं. सुईची जागा लाल किंवा कडक झाली तर लगेच नर्सला कळवावं.

उणी बाजू म्हणजे रोजची शुश्रूषा. कूस बदलणं, तोंड ओलं ठेवणं, अंग पुसणं घरच्यांवरच येतं. चोवीस तास माणूस मिळेल असं धरून चाललात तर वाद ठरलेला. शेवटी घशात घरघर होते, तेव्हा चांगली नर्स सक्शनची (नळीने स्राव ओढून काढण्याची) घाई न करता कुशीवर वळवायला शिकवते.

बोलावणं मात्र लवकर करा. मात्रा बसायलाच काही दिवस जातात.