ठसा उमटत नाही म्हणाला आणि पैसे काढून घेतले

केवायसीसाठी अंगठा घेणारं आणि खात्यातून पैसे काढून देणारं यंत्र एकच असतं. समोरच्याने स्क्रीनवर काय उघडलंय, एवढाच काय तो फरक. माझ्या मावशीला हे माहीत नव्हतं. तिच्यासारख्या कितीतरी बायकांना नसेल, म्हणून हे लिहिते आहे.

मावशी विधवा, नाशिकमध्ये पेठ रोडला फुलेनगरात राहते, गंगापूर रोडच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करते. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1,500 रुपये तिला मिळतात. ते दर महिन्याला येतातच असं नाही. थकतात आणि मग दोन-तीन हप्ते एकदम पडतात. यंदा तसेच 4,500 जमा झाले होते. पावसाळ्याआधी घराचे पत्रे बदलायचे म्हणून तिने त्यांना हातही लावला नव्हता.

वस्तीत कुणीतरी उठवलं की निराधारवाल्यांनी पुन्हा केवायसी केली नाही तर पगार बंद. (आमच्याकडे या पैशांना सगळे ‘पगार’च म्हणतात.) पंचवटीतल्या एका गल्लीत नवीन ‘ऑनलाइन सेवा’ दुकान निघालं होतं. बोर्डावर अशोकस्तंभ, आत एक लॅपटॉप, प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन. मावशी तिथे गेली.

पोरगा गोड बोलला. आधारकार्ड घेतलं, बँक कोणती ते विचारलं, अंगठा ठेवायला लावला. मग म्हणाला, “मावशी, ठसा उमटत नाही. भांडी घासता ना? पुन्हा ठेवा.” तिने पुन्हा ठेवला. मग दुसरं बोट. मग पदराला पुसून परत अंगठा. इथे त्याची हुशारी बघा. भांड्यांच्या पावडरीने मावशीची बोटं खरंच झिजली आहेत, रेशन दुकानातही तिचा ठसा चार वेळा घ्यावा लागतो. त्यामुळे तिला शंका यायचं कारणच नव्हतं. शेवटी “सर्व्हर डाऊन आहे, पण तुमचं झालंय” असं सांगून त्याने वर 200 रुपये घेतले. पावती दिली नाही.

पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं. एकाच दिवशी, काही मिनिटांच्या अंतराने 3,000 आणि 1,400 काढलेले, खात्यात उरले 100. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा, एवढ्यावर पैसे निघतात. पिन लागत नाही, ओटीपी येत नाही. मेसेज येतो, पण खात्याला तिच्या मुलीचा जुना, बंद पडलेला नंबर होता.

बँकेतला माणूस म्हणाला, “अंगठा तुमचाच आहे ना? मग पैसे तुम्हीच काढले.” मावशी तिथेच गप्प झाली. तिला वाटलं चूक आपलीच. मला राग येतो तो या वाक्याचा, त्या पोराइतकाच. माणूस काय समजून अंगठा देतोय, हे विचारायचंच नाही का?

मग आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रारीचा नंबर घेतला आणि पासबुकाची झेरॉक्स जोडून बँकेत लेखी अर्ज दिला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. तो शिक्का सोडू नका. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात अशा व्यवहारांची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत करायला सांगितलं होतं, उशीर झाला की आपलीच बाजू पडते. पैसे काढून देणारा प्रत्येक जण स्वतःच्या लॉगिनवरून काढतो, त्यामुळे व्यवहार क्रमांकावरून तो सापडतो. आमच्या 3,000 चा माग लागला आणि ते परत जमा झाले. 1,400 चं अजून भिजत घोंगडं आहे. दुकानाचा बोर्ड मात्र उतरला.

अधिकृत ‘आपले सरकार सेवा केंद्रा’त दरपत्रक भिंतीवर लावलेलं असतं आणि पैसे घेतले की पावती मिळते. अर्जाला पोच क्रमांक मिळायलाच हवा, 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात तसं आहे. आणि केवायसीची हूल उठली की आधी तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत विचारा.

ठसा दिल्यावर “झालं नाही” असं कुणी म्हणालं, तर दुसऱ्यांदा बोट ठेवण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा. वाचता येत नसेल तर वाचणारं कुणीतरी सोबत न्या, शाळेत जाणारी नातही चालेल.

मावशीचा चालू नंबर आम्ही आधारला आणि बँकेतही जोडून घेतला आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. त्याला पैसे लागत नाहीत. पण लॉक असलं की रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही. तात्पुरतं उघडलं तर दहा मिनिटांत पुन्हा बंद होतं आणि रेशनची रांग काही दहा मिनिटांची नसते. म्हणून पुढे दोनच जणी उरल्या की मावशी मला फोन करते, तिच्या साध्या फोनवर आलेला ओटीपी वाचून दाखवते आणि मी इकडून उघडून देते.