टेनिस एल्बोसाठी घेतलेला रबरी दांडा: आठ महिन्यांनंतर

टेनिसची रॅकेट मी जन्मात हातात धरलेली नाही. लाटणं मात्र तेवीस वर्षं धरलंय. डोंबिवलीत घरून पोळ्यांच्या ऑर्डरी घेते, रोजच्या दीडशेच्या आसपास. २००४ साली सचिनचा कोपर दुखावला तेव्हा 'टेनिस एल्बो' हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला. पुढे तो माझ्याच हाताला चिकटेल असं काही वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी गणपती झाले आणि उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडाशी ठणका सुरू झाला. गंमत म्हणजे कणीक तिंबताना फारसं दुखायचं नाही, पण फ्रीजमधून दुधाची पिशवी उचलताना, सांडशीने तवा उतरवताना जीव जायचा. मनगट मागे वळवणारे स्नायू तिथे हाडाला जोडलेले असतात. मूठ वळली की मनगट स्थिर धरायचं काम त्यांचंच, म्हणून पकड हाताची आणि कळ कोपरात.

दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरी तुंबलेल्या, म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. पाच आठवडे हात फुलासारखा हलका. मग दुखणं व्याजासकट परत! नंतर फिजिओथेरपीच्या ताई म्हणाल्या, की इंजेक्शनने सुरुवातीचे काही आठवडे छान जातात, पण वर्षभरानंतर पाहिलं तर न घेतलेलेच जास्त बरे असतात, असं अभ्यासांत दिसलंय. हे मला इंजेक्शन देताना कुणी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

हा दांडा त्यांनीच जानेवारीत घ्यायला लावला. फूटभर लांब, जाड काकडीएवढा. रंगावरून ताठपणा कळतो: पिवळा सगळ्यात मऊ, मग लाल, हिरवा, निळा. मी लाल घेतला. व्यायाम म्हणजे धुणं पिळण्यासारखाच, फक्त उलटा. दुखऱ्या हातात दांडा उभा धरायचा, मनगट मागे वळवलेलं. वरचं टोक चांगल्या हाताने पकडून पीळ द्यायचा, तो पीळ तसाच ठेवून दोन्ही हात समोर सरळ करायचे, आणि मग दुखऱ्या मनगटाने तो सावकाश सोडायचा, मनात चार आकडे मोजत. पिळायचं काम चांगल्या हाताचं, सोडायचं दुखऱ्याचं. मला हे कळायलाच आठवडा गेला. तोवर मी उजव्यानेच पिळत होते आणि दांड्याला शिव्या देत होते.

पंधरा वेळा, असे तीन फेरे, रोज. करताना थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर फेरे कमी करायचे. पहिले पाच आठवडे काहीही फरक नाही, खरंच सांगते. सहाव्यात एका सकाळी चहाचं पातेलं उतरवलं आणि मागाहून लक्षात आलं की कळ आलीच नाही. त्या आनंदात होळीला ऐंशी पुरणपोळ्या लाटल्या आणि दोन आठवडे मागे गेले.

सोबत कोपराखाली बांधायचा पट्टा घेतला होता. तो कोपरावर नाही, दोन बोटं खाली, हाताच्या मांसल भागावर येतो. लाटताना बरा वाटतो, पण नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नका. मी एकदा करकचून बांधला तर बोटं बधिर झाली. आणि पट्टा नसतानाही बोटांना मुंग्या येत असतील किंवा मानेपासून कळ उतरत असेल तर दांडा विकत घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा, तो प्रकार वेगळा असू शकतो.

तक्रारी? पहिला महिना रबराचा इतका वास, की व्यायाम करून कणकेला हात लावायच्या आधी दोनदा साबण लावायचे. तेलकट हातातून दांडा सटकतो. आणि कंटाळा येतो, भयंकर. मी आता कुकरच्या शिट्ट्यांवर फेरे मोजते.

यंदाच्या गणपतीत एकवीस उकडीचे मोदक केले, पुरणपोळ्या बाहेरून आणल्या. भरलेला पिंप अजून उचलत नाही. हिरवा दांडा मे महिन्यात मागवून ठेवलाय, तो खोक्यातच आहे.