स्विफ्टच्या मागच्या मडगार्डची कड रोल केली, दहा महिन्यांनंतरचा अनुभव

फेब्रुवारीत काम केलं होतं, आता डिसेंबर चालूये, मध्ये एक अख्खा पावसाळा गेला आणि गाडी ११ हजार किलोमीटर फिरली. रोल करणं म्हणजे टायर घासू नये म्हणून मडगार्डची आत वळलेली कड दाबून वर दुमडणं. मुद्दाम थांबलो होतो लिहायला, कारण रोल केल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांचंच काम छान दिसतं, पत्रा खरं काय ते पावसाळा झाल्यावर सांगतो.

गाडी २०१९ ची स्विफ्ट झेडएक्सआय. कंपनीचे टायर १८५/६५ आर १५, मी मागच्या वर्षी दिवाळीत १६ इंची अलॉय रिम टाकल्या आणि टायर घेतले १९५/५५ आर १६. उंचीचा हिशोब घरीच केला होता, जुना टायर ६२१.५ मिमी आणि नवीन ६२०.९, म्हणजे फरकच नाही, त्यामुळे निवांत होतो. पण चाक बाहेर किती येतंय ते बघितलंच नव्हतं. नवीन रिम जुन्यापेक्षा एक इंच रुंद आणि ऑफसेट (रिमच्या मधल्या रेषेपासून ती गाडीला टेकते त्या जागेपर्यंतचं अंतर, ते कमी झालं की चाक बाहेर येतं) १० मिमीने कमी. इंचाचा अर्धा बाहेरच्या बाजूला जातो म्हणजे १२.७ मिमी, त्यात ऑफसेटचे १०, झाली रिमची कड जवळपास २३ मिमी बाहेर! दुकानवाला म्हणाला बसतंय बिनधास्त टाका, आणि रिकाम्या गाडीत खरंच बसत होतं.

पहिल्यांदा आवाज आला नाशिकच्या त्र्यंबक रोडला, मागे आई, मावशी आणि मावसभाऊ, डिकीत सामान, स्पीड ब्रेकरवरून उतरलो की मागून खर्रर्र. आई म्हणाली, "अरे काहीतरी घासतंय रे मागे", मला वाटलं मडफ्लॅप असेल. मग महिन्याभराने वणीला गेलो, नांदुरीपासून सप्तशृंगी गडाकडे चढताना प्रत्येक वळणाला बाहेरच्या बाजूचं चाक घासायला लागलं, वर पोहोचलो तर रबराचा वास. टायरच्या खांद्यावर गोल रेघ पडलेली, सुरीने सोलल्यासारखी, आणि मडगार्डच्या आतल्या कडेचा रंग जाऊन पत्रा चमकत होता.

ज्यांनी कधी हात घालून बघितलं नसेल त्यांच्यासाठी, मागच्या मडगार्डचा पत्रा चाकाच्या वर आला की आतल्या बाजूला काटकोनात दुमडलेला असतो, बोटाच्या एका पेरापेक्षाही कमी, पण धारदार. गाडी दबली की टायर तिथेच लागतो. आणि टायरच्या बाजूला चीर गेली की पंक्चरवाला हात लावत नाही, तो टायर फेकूनच द्यायचा. म्हणून "थोडं घासतंय, चालतं" असं जे म्हणतात त्यांचं मला अजिबात पटत नाही, हायवेला ८० च्या स्पीडला बाजू फाटली तर काय होईल याचा विचार करा.

रोल करायच्या आधी एक गोष्ट केली ती सगळ्यांनी करावी असं वाटतं. शाळेचा खडू ओला करून कडेला आतून सगळीकडे फासला, वाळू दिला, मग घरचे चार जण बसवून गंगापूर रोडच्या आतल्या गल्ल्यांमधले स्पीड ब्रेकर घेतले. परत येऊन बघितलं तर खडू पुसला गेला होता फक्त चाकाच्या वरच्या भागात आणि थोडा मागे, बंपर जिथे मिळतो त्याच्या जरा वर. म्हणजे अख्खी कमान रोल करायची गरजच नव्हती. पुढच्या चाकांना काही नव्हतं, पूर्ण स्टिअरिंग वळवलं की प्लॅस्टिकच्या लायनरला हलकं लागतं पण त्याचा कडेशी काही संबंध नाही, पुढचं रोल करून तो आवाज जात नाही.

पहिला डेंटर भेटला तो पाइप आणि हातोडी घेऊन सरळ उभाच राहिला, दहा मिनिटांत देतो म्हणाला. मी गाडी काढून घेतली. हातोडीने कड आत जाते पण बाहेरचा पत्रा लहरी होतो, उन्हात तिरकं बघितलं की लगेच कळतं. मग अंबडच्या बाजूला एक मिस्त्री मिळाले ज्यांच्याकडे खरं रोलर टूल होतं. चाक काढायचं, टूल हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) नटांनी बसवायचं, त्याच्या दांड्याला एक कडक नायलॉनचं चाक असतं ते कडेला टेकवायचं आणि पुढे मागे फिरवत राहायचं, दर दोन-तीन फेऱ्यांनी प्रेशर थोडं वाढवायचं. ऐकायला सोपं आहे पण सगळा खेळ गरम करण्याचा आहे. रंग थंड असताना पत्रा वाकवला की रंग तडकतो, आणि फेब्रुवारीत सकाळी आपल्याकडे गारठा असतोच, मिस्त्रींनी मला नऊला आलेलं बघून सरळ सांगितलं, साहेब बारानंतर बघू. हीट गन आणि हातात टेंपरेचर गन, ६० डिग्रीच्या आसपास ठेवत एका वेळी वीतभरच जागा गरम करायची आणि तेवढीच रोल करायची. मी पूर्ण वेळ शेजारी उभा होतो. कड एकदम चपटी करू नका असं तेच म्हणाले, पूर्ण दाबायला गेलं की बाहेरचा पत्रा फुगतो, टायरला जागा झाली की थांबायचं. दोन्ही बाजूंचे मिळून २,४०० रुपये घेतले.

आता मुख्य मुद्दा. मागचं मडगार्ड म्हणजे एक पत्रा नाही, बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे त्या कडेला स्पॉट वेल्डने जोडलेले असतात आणि जोडावर कंपनीचं सीलंट असतं. रोल केलं की ते सीलंट तुटतं, वरून दिसत नाही पण तुटतं, आणि त्या फटीत पाणी गेलं की बाहेर यायला जागा नाही. डावी बाजू आम्ही दुपारी नीट केली, सुटलेलं सीलंट खरवडून काढलं, झिंक प्रायमर मारला, सुकल्यावर पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट भरलं, बोटाने आत दाबलं, वरून टच-अप. उजवी बाजू होईपर्यंत अंधार पडला होता, मला घाई होती, जुन्यावरच सीलंटचा एक पट्टा ओढला आणि निघालो. ती चूक माझी होती, मिस्त्री उद्या या म्हणत होते.

पावसाळ्यात इगतपुरी, कसारा घाट दर पंधरा दिवसांनी होत होता, शहरातही खोदलेले रस्ते आणि चिखल. सप्टेंबरमध्ये गाडी धुताना उजव्या कडेखालून तपकिरी ओघळ दिसला. डावी बाजू तेव्हाही कोरडी स्वच्छ होती आणि आजही आहे. उजवीकडचं परत सगळं काढलं, वायर ब्रश, गंजावरचं केमिकल, प्रायमर, सीलंट, ९०० रुपये गेले आणि गाडी दोन दिवस उभी. एकाच गाडीच्या दोन बाजू, एकच पाऊस, फरक फक्त त्या एका संध्याकाळचा.

घासण्याचं विचाराल तर काम झालंय. नवरात्रात परत गडावर गेलो, पाच जण, डिकी भरलेली, एकदाही आवाज नाही, टायरवर नवी रेघ नाही. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एका खड्ड्यात पूर्ण लोडवर एकदा ठक्क झालं तेवढंच. रंगाला बंपरच्या जोडाजवळ केसाएवढी एक चीर आहे, टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही, ती टच-अपने बंद केली.

कोणाची गाडी सेकंडहँड असेल तर आधी फ्रिजचं मॅग्नेट फडक्यात गुंडाळून मडगार्डवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे आत लांबी (डेंटिंगची पुट्टी) भरलेली आहे, आणि लांबी कितीही गरम केली तरी वाकत नाही, तडकून पडते, मग रंगकामाचा खर्च वेगळा. अलॉयबद्दल इन्शुरन्सवाल्यांना मी आधीच कळवून ठेवलंय, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे त्यामुळे ते कागदावर असलेलं बरं. आणि टायर मडगार्डच्या बाहेर दिसत असेल तर रोल करून काहीच होणार नाही, ती रिमच चुकीची आहे.

परत घ्यायची वेळ आली तर मी ऑफसेट बरोबर असलेली रिम घेईन आणि पत्र्याला हात लावणार नाही. पण आता लावलाय तर सांभाळायला पाहिजे. दर धुण्याला पाइप आतून कडेवर मारतो, चिखल साचू देत नाही. या रविवारी दोन्ही मागची चाकं काढून जोड बघायचाय, उजवीकडे सीलंट अजून धरून आहे का तेवढं बघून मग वरून अंडरकोट (गाडीच्या खालच्या पत्र्याला गंजापासून वाचवणारा जाड थर) मारणार.