टायगर ९०० जीटी प्रो, १४ महिन्यांनंतर: मोड नंतर बघा, आधी मागचा प्रीलोड

समोरून येणारा प्रत्येक जण मला डिपर मारत होता. कराडहून चिपळूणला निघालो होतो, पाटण ओलांडेपर्यंत अंधार पडला, आणि एसटी असो, ट्रक असो की साधी दुचाकी, समोरचा दिवा दोनदा उघडझाप करूनच पुढे जायचा. मी तीन वेळा बघितलं, हेडलाइट लो बीमवरच होता. मागे बायको, दोन्ही बाजूंना पॅनियर म्हणजे सामानाच्या पेट्या, वर टॉपबॉक्स. त्याच दिवशी सकाळी खंबाटकी चढताना गाडी प्रत्येक वळणात बाहेरच्या बाजूला सरकत होती. मनात धरलेली रेघ सोडून हातभर लांबून जायची आणि मला हँडल पुन्हा आत ढकलावं लागायचं. नवीन गाडी आहे, हात बसायला वेळ लागेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

डिपर आणि वळण, दोन्हींचं मूळ एकच निघालं. मागचं सस्पेन्शन ‘एकटा चालक’ या सेटिंगवर राहिलं होतं. इंजिन आणि ब्रेक कसे वागतील ते ठरवणारा रायडिंग मोड मात्र मी दिवसभरात सहा-सात वेळा बदलला होता.

म्हणून हा अनुभव लिहायला घेतला. गाडी ट्रायम्फची टायगर ९०० जीटी प्रो, २०२४ मध्ये सुधारून आलेल्या इंजिनाची. ८८८ सीसी, तीन सिलिंडर, १०८ पीएस ताकद, ९० एनएम टॉर्क. १४ महिन्यांत १३,६०० किलोमीटर झाले, त्यातले निम्म्याहून जास्त दोघांचे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आणि समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे आपलं टूरिंग म्हणजे राज्यमार्ग, घाट, गावाच्या वेशीवरचे स्पीडब्रेकर आणि जिथे तिथे चाललेल्या रुंदीकरणाचे वळणरस्ते. सस्पेन्शनच्या सेटिंगचा कस लागतो तो अशाच रस्त्यांवर.

या गाडीत रेन, रोड, स्पोर्ट, ऑफ-रोड आणि स्वतः जुळवायचा रायडर असे पाच मोड आहेत. मागचा मार्झोकीचा शॉकॲब्झॉर्बर स्क्रीनवरून जुळवता येतो. त्यात दोन गोष्टी येतात, प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) आणि रिबाउंड (त्याबद्दल पुढे). पुढच्या फोर्कचं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांचं, कम्प्रेशन (स्प्रिंग दबताना लागणारा लगाम) आणि रिबाउंड मात्र हाताने फिरवायचं. मोड बदलला म्हणून मागे कोण बसलंय आणि पेटीत काय भरलंय हे गाडीला कळत नाही. ते आपणच सांगायचं: एकटा, एकटा आणि सामान, दोघे, दोघे आणि सामान.

चिपळूणहून आल्यावर दहा दिवसांनी पार्किंगमध्ये टेप घेऊन बसलो. गाडी सेंटर स्टँडवर घेतली की मागचं चाक लोंबकळतं, म्हणजे स्प्रिंग पूर्ण मोकळी. चाकाच्या ॲक्सलपासून सरळ वर, सीटखालच्या पॅनेलवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून तिथपर्यंतचं अंतर मोजलं, ६४० मिलिमीटर. मग स्टँड काढून, हेल्मेट-जॅकेट-बूट सगळं चढवून मी बसलो, शेजारच्या काकांनी गाडी धरली, मुलाने टेप धरली. ५९२. म्हणजे गाडी स्वतःच्या आणि माझ्या वजनाने मिळून ४८ मिलिमीटर बसली. मागच्या चाकाची एकूण हालचाल १७० मिलिमीटर आणि त्यातली साधारण ३० टक्के गाडीच्या आणि बसणाऱ्याच्या वजनाने खर्ची पडावी असा ढोबळ हिशेब असतो. एकट्यासाठी कंपनीचं सेटिंग अगदी बरोबर होतं.

मग पेट्या भरल्या, बायको बसली, सेटिंग तसंच ठेवलं. ५६३. तब्बल ७७ मिलिमीटर. जवळजवळ निम्मी हालचाल जागेवरच संपलेली! मागचं बूड खाली गेलं की गाडीचं नाक वर होतं. नाकाबरोबर हेडलाइट वर उठतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. फोर्क जास्त तिरका होतो, पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं, आणि गाडी वळायला आळस करते. पाटणचे ट्रकवाले आणि खंबाटकीची वळणं मला एकच गोष्ट सांगत होती.

‘दोघे आणि सामान’ निवडलं. सीटखाली मोटरचा बारीक घर्रर्र आवाज दहा-बारा सेकंद येत राहिला. पुन्हा मोजलं, ५८८. म्हणजे ५२. मुलगा म्हणाला, “बाबा, गाडी उंच झाली.” खरंच झाली होती.

पुढच्या महिन्यात मुद्दाम तोच रस्ता, तीच वेळ, तेवढंच सामान घेऊन गेलो. पाटण ते कोयनानगर एकाही माणसाने डिपर मारला नाही. कुंभार्लीच्या उतारावर गाडी बघू तिकडे वळत होती.

एक गोष्ट अनुभवाने कळली. हा बदल दोघे बसायच्या आधी करायचा, इंजिन चालू ठेवून, गाडी उभी असताना. आणि बायकोला सोडून एकट्याने परत येताना तो परत खाली आणायचा. मी एकदा विसरलो आणि सासवडपर्यंत गाडी मागून उड्या मारत आली. भाराच्या मानाने प्रीलोड जास्त झाला की चाक खड्ड्यात खाली उतरतच नाही, नुसतं वरून आपटत जातं.

रिबाउंडला मला जास्त वेळ लागला. स्क्रीनवर ते कम्फर्टपासून स्पोर्टपर्यंतच्या पायऱ्यांत दिसतं आणि नावांमुळेच फसगत होते. माझा हिशेब साधा होता: वजन जास्त, तर सस्पेन्शन कडक हवं, म्हणून स्पोर्टच्या टोकाला ठेवलं. सातारा ते कराड, सहा पदरीकरणाच्या कामामुळे जिथे तिथे खरवडलेला रस्ता, आणि दर अर्ध्या मीटरवर लाटांसारखे उंचवटे. पहिले दोन-तीन धक्के ठीक, मग गाडी लाकडासारखी झाली. बायकोने खांद्यावर थाप मारून थांबवलं, तिच्या कंबरेत कळ आली होती.

रिबाउंड म्हणजे दाबलेली स्प्रिंग परत उघडताना तिला लागणारा लगाम. तो फार आवळला की एका धक्क्यातून स्प्रिंग पुरती उघडायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा. तिला उसंतच मिळत नाही. प्रत्येक धक्क्याला ती थोडी थोडी खालीच राहते आणि शेवटी हालचाल उरत नाही. वर बसणाऱ्याला वाटतं सस्पेन्शन कडक आहे, म्हणून तो आणखी काहीतरी उलटं करतो. मी तिथेच चहाच्या टपरीसमोर तीन पायऱ्या कम्फर्टकडे आलो आणि निघालो. पाच मिनिटांत मागून आवाज आला, “हे काय केलंस? असंच राहू दे.”

म्हणून कम्फर्टचं शेवटचं टोक गाठावं असंही नाही. दोघांच्या प्रीलोडला स्प्रिंग जास्त दाबलेली असते, ती तेवढ्याच जोराने उसळते. लगाम फार सैल ठेवला तर स्पीडब्रेकरनंतर गाडी पाळण्यासारखी दोन-तीन वेळा वरखाली होते. आमची जागा मधोमध, किंचित कम्फर्टकडे झुकलेली. सिमेंटच्या रस्त्यावर सांध्यांची ठक-ठक लय लागते तिथे मी आणखी एक पायरी कम्फर्टकडे जातो.

आता मोड. माझं ठाम मत आहे की स्पोर्ट मोड आपल्या बहुतेक घाटांसाठी नाही. ताकद जास्त म्हणून नव्हे, तर थ्रॉटलला, म्हणजे उजव्या मुठीला, प्रतिसाद टोकदार म्हणून. रस्ता खडबडीत असला की धक्का मनगटापर्यंत येतो, मूठ केसभर हलते, आणि त्या केसभर हालचालीला इंजिन लगेच उत्तर देतं. गाडी पुढे झटका खाते, त्या झटक्याने मूठ पुन्हा हलते. सकाळी सहाला, कोरड्या गुळगुळीत रस्त्यावर, एकटा असताना स्पोर्टमध्ये हे इंजिन काय गातं! तो आनंद मी सोडलेला नाही. पण मागे कोणी बसलेलं असताना नाही.

रेन मोडने मला सर्वांत जास्त चकित केलं. जुलैत ताम्हिणीत गेलो होतो. मुळशी मागे टाकलं की धुकं, कडेचे धबधबे थेट रस्त्यावर, वळणावळणाला पानांचा कुजलेला थर. रेनमध्ये मूठ कितीही चुकीच्या वेळी फिरली तरी ताकद हळूहळू येत होती. एका उजव्या वळणात मागचं चाक रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून गेलं, घसरणारं चाक आवरणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला, मला बुडाखाली फक्त एक हलकासा झोल जाणवला. गाडी किती कललेली आहे हे मोजणारा सेन्सर असल्यामुळे ही यंत्रणा वळणातही ताळ्यावर राहते. पण त्या घाटात मला खरा आधार वाटला तो मऊ थ्रॉटलचा.

आणि तो मऊपणा मी आता कोरड्यातही वापरतो. दोघे असताना गियर बदलताना, मूठ सोडताना-धरताना बायकोचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्कन आपटायचं. दिवसभरात शंभरदा, आणि संध्याकाळी तिची मान आखडलेली असायची. रायडर मोडमध्ये थ्रॉटल रेनचा ठेवला, एबीएस आणि ट्रॅक्शन रोडचं. आपटणं जवळपास थांबलं. आमच्याकडे दोघांचा मोड तोच. सिंहगड रोडवरच्या संध्याकाळच्या गर्दीतही तोच.

ऑफ-रोडबद्दल थोडक्यात: कोकणात जांभ्याच्या लाल मुरमावर, मुक्कामाच्या घरापर्यंतच्या शेवटच्या किलोमीटरला उपयोगी पडतो, कारण ट्रॅक्शन कंट्रोल मागच्या चाकाला थोडं घसरू देतं आणि चढावर गाडी मधेच दम सोडत नाही. त्यापलीकडे मी गेलेलो नाही. पुढचं चाक १९ इंची, टायर रस्त्याचे, आणि ओली माती आली की कुठलाही मोड टायरला दात फुटवत नाही.

पुढच्या फोर्कविषयी एक घटना सांगायलाच हवी. इथे एका पायात कम्प्रेशन आणि दुसऱ्या पायात रिबाउंड असतं. टायर बदलायला एका ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी दिली होती. तिथल्या मुलाने चांगल्याच हेतूने, ‘दोन्ही बाजू सारख्या’ असाव्यात म्हणून दोन्ही स्क्रू सारखे फिरवून ठेवले आणि मला सांगितलंही नाही. घरी येताना पुढचं चाक प्रत्येक खड्ड्यात खणखण करायला लागलं. टायरच्या हवेवर संशय घेतला, ती तपासली, बरोबर होती. फोर्कवर लक्ष जायला दोन दिवस गेले.

तेव्हापासून पद्धत अशी: स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग बाहेर येताना प्रत्येक टिक मोजायची. जोर लावायचा नाही, आतली सुई नाजूक असते. बोटांना ती टिक नीट जाणवते, आवाजापेक्षा स्पर्शावर मोजलेलं जास्त पक्कं. एका वेळी एकच स्क्रू, दोनच टिका, आणि मग ओळखीच्या त्याच तीन-चार किलोमीटरच्या रस्त्यावर फेरी. कम्प्रेशन मूळ सेटिंगपेक्षा तीन टिका सैल केल्यावर कोकणातल्या रस्त्यांवर माझे तळहात बधिर होणं थांबलं. महामार्गावर ब्रेक मारताना नाक थोडं जास्त वाकतं, ते मला चालतं.

सेटिंग करण्याआधी दोन्ही टायरची हवा मात्र सकाळी, टायर थंड असताना बघा. चार-पाच पीएसआय कमी असतील तर त्याच्यावर केलेलं सगळं जुळवणं फुकट जातं.

टाकी २० लिटरची आहे, एका भरण्यात पुणे ते सावंतवाडी आंबोलीमार्गे आरामात होतं. सीटबद्दल, काचेबद्दल प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे मत वेगळं असेल, मी त्यात शिरत नाही.

माझे सगळे आकडे एका पुठ्ठ्यावर मार्करने लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवलेत: एकट्याचे, दोघांचे, पावसाचे. पुढच्या पायांचे आकडे वेगळ्या रंगात, आणि त्याखाली मोठ्या अक्षरात, ‘फोर्कचे स्क्रू फिरवू नयेत, आधी फोन करावा.’ येत्या सर्व्हिसला गाडी देताना तो पुठ्ठा हँडलला बांधून देणार आहे.